सुप म्हणजे मीठ

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो, की महाराष्ट्रातही द्राविडी भाषा बोलल्या जातात आणि त्यातली एक, कोलामी, मला नोकरीने शिकवली. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच देतो. आधीच सांगतो, मी भाषाशास्त्रज्ञ नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात कोलाम आदिवासींच्या पोडांवर ३१ वर्षं मास्तरकी केली, एवढाच माझा अधिकार. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. बाकीचं निवृत्तीनंतर वाचून मिळवलेलं.

प्रश्न : द्राविडी म्हटलं की तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, एवढंच आम्ही शाळेत शिकलो. महाराष्ट्रात द्राविडी भाषा म्हणजे सोलापूरकडची कन्नड म्हणायची आहे का? की गोंडी वगैरे बोलींनाही तुम्ही भाषा म्हणता?
— एक वाचक, पुणे

उत्तर : त्या ‘वगैरे’पाशी मी जरा थांबलो. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाख ८४ हजार आहेत. कोकणी बोलणारे साडेबावीस लाख, डोगरी सव्वीस लाखांच्या आत. म्हणजे ज्या भाषांना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मानाचं पान आहे, त्यातल्या काहींहून गोंडीचं कुटुंब मोठं. छोटा नागपूरकडची कुडुख जवळपास वीस लाखांची, तुळू साडेअठरा लाखांची, ओडिशातली कुई नऊ लाखांच्या वर. आमची कोलामी १ लाख २८ हजारांची. दहा हजारांच्या खाली गेलेल्या भाषांना जनगणनेच्या तक्त्यात स्वतंत्र ओळच नसते. निलगिरीवरच्या तोडा आणि कोटा तिथे ‘इतर’मध्ये जमा होतात.

बोली म्हणायला माझी हरकत नाही, पण मग कशाची बोली ते सांगावं लागेल. वऱ्हाडी ही मराठीची बोली, हे मान्य. गोंडी मराठीची बोली नाही, हिंदीची नाही आणि तेलुगूचीही नाही. ती तेलुगूची बहीण. काही बाबतींत तर या बहिणीनेच आजीचे दागिने जास्त जपलेत. पाच आणि सहा घ्या. तमिळमध्ये ऐन्दु, आरु. गोंडीत सैयुंग, सारुंग. मूळ द्राविडीत या दोन्ही शब्दांच्या तोंडाशी ‘च’सारखं एक व्यंजन होतं. तमिळने ते फार जुन्या काळीच गाळलं. गोंडीत ते ‘स’ होऊन आजही आठवडी बाजारात ऐकू येतं.

या व्यंजनापायी माझ्या हातून एक पाप घडलंय, तेही सांगतो. १९८३ साल, माझी पहिलीच नेमणूक. पहिलीचा वर्ग, बारा-तेरा पोरं, भिंतीवर अक्षरतक्ता. ‘स’च्या घरात सुपाचं चित्र. मी त्यावर पट्टी ठेवली आणि म्हणालो, “सूप.” वर्ग फिदीफिदी हसला. पुन्हा म्हणालो, पुन्हा हसला. “काऊन हासता बे पोट्टेहो?” कुणी बोलेना. पुढच्या एका पोराला उभं केलं, तर त्याने बोट जिभेला लावून चाटल्यासारखं केलं. मला वाटलं, मास्तरला वाकुल्या दाखवतो. पट्टी त्याच्या तळहातावर दोनदा पडली.

त्याच संध्याकाळी पटाची नावं लिहायला पोडावर गेलो. त्या पोराच्याच घरी त्याची आजी चुलीशी वरण ढवळत बसली होती. मागे न बघता ती नुसतं “सुप” म्हणाली. पोरगं उठलं. सूप दाराशी भिंतीला टेकून होतं, त्याच्याकडे त्याने पाहिलंही नाही. आत जाऊन डालड्याचा जुना डबा घेऊन आलं. आजीने त्यातून खडेमिठाची चिमूट घेतली आणि वरणात टाकली.

कोलामीत सुप म्हणजे मीठ. तमिळ, तेलुगू, कन्नडमध्ये उप्पु. इथेही तोंडचं व्यंजन मोठ्या घरांनी गमावलं आणि पोडावर ते टिकलं. पण हे मला कळलं फार पुढे, निवृत्तीनंतर. त्या दिवशी एवढंच कळलं, की पोरगं बरोबर होतं.

महाराष्ट्रात गोंडी आणि कोलामीच्या जोडीला चंद्रपूरकडे नायकी होती. होती असं म्हणतो, कारण युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत ती अगदी तळाच्या पायरीवर आहे. (बुलढाण्याकडची निहालीही लोक याच गटात टाकतात. ती द्राविडी नाही. ती कुणाचीच कुणी नाही, एकटी आहे.)

आता आकड्यांबद्दल एक इशारा. १९९१ला कोलामी ९८ हजारांची होती, २०११ला १ लाख २८ हजारांची, म्हणजे भाषा वाढली असं कुणीही म्हणेल. पण जनगणनेत मातृभाषेची व्याख्या अशी आहे, की लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलली ती. प्रगणकाने साठीच्या माणसाला विचारलं, तो खरंच ‘कोलामी’ म्हणतो. त्याचा नातू अंगणात मराठीत भांडत असतो. घरात एक भाषा बोलली जाते आणि तक्त्यात दुसरी भरली जाते, असं मी स्वतः प्रगणक म्हणून फिरताना पाहिलंय, आणि भरलंयही.

प्रश्न : मी कोलाम आहे, माझे मालकही. आम्ही दोघं आपसात कोलामी बोलतो, सासूबाईंना तर मराठी फारशी येतच नाही. पण चार वर्षांच्या मुलाशी मी मराठीच बोलते, कारण अंगणवाडीत सगळं मराठी आणि पुढे त्याला इंग्रजी शाळेत घालायचंय. आता तो आजीला म्हणतो, “मराठीत सांग.” सासूबाई गप्प होतात. तीन भाषांनी त्याचं डोकं गोंधळेल का? मी चुकते आहे का?
— एक आई, मारेगाव तालुका

उत्तर : ताई, तुम्ही चुकत असाल तर ती चूक तुम्हाला शिकवणारा मी आहे. मी म्हणजे माझ्यासारखे सगळे मास्तर.

१९८६-८७च्या सुमारास आमच्या पोडाच्या चावडीत पालकसभा भरली होती. नाईक, कारभारी, सगळे जमले होते. मी छाती काढून सांगितलं, “पोरं मागे काऊन पडतात? घरी कोलामी बोलता म्हणून. आजपासून घरात मराठी बोला.” बहुतेकांनी मान हलवली आणि घरी जाऊन जे बोलत होते तेच बोलले. एका बापाने मात्र माझं ऐकलं. हुशार, कष्टाळू माणूस. मास्तरचा शब्द त्याला देवाचा. त्याने पोराशी कोलामी बंद केली. पोरगा शिकला, बारावी झाला, नोकरीच्या उंबरठ्यावर आला. मग जातपडताळणी आली.

ज्यांनी ही पायरी चढलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी होते तेव्हा कागदपत्रांबरोबर देव कुठले, लग्न कसं लागतं, मयतीला काय करता, बोली कुठली, असंही विचारतात. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. या पोराला बोलीतले शब्द विचारले. त्याला येईनात. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “गुर्जी, तुम्हीच सोडाले लावली, आता तेच मागून ऱ्हायले.” काय बोलणार? मी त्याला घेऊन बसलो आणि कोलामाच्या पोराला कोलामीचे शब्द ब्राह्मणाच्या मास्तराने पाठ करून घेतले. अशी वेळ कुणावर येऊ नये. त्याचा दाखला शेवटी जुन्या महसुली नोंदींवर निघाला. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं, की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. पण त्याच्या घरात आज दोन लेकरं आहेत आणि त्यांच्याशी बोलायला त्याच्याकडे कोलामी नाही.

तेव्हा डोकं गोंधळण्याचं म्हणाल, तर नाही गोंधळत. चार वर्षांचं पोर माणूस बघून भाषा बदलतं. तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजारात गोंडी, तेलुगू, मराठी आणि उर्दू एका दमात बोलणारी, एक दिवस शाळेत न गेलेली माणसं मी पाहिलीत. अधूनमधून पोरगं दोन्हींची भेसळ करील. करू द्या, सात-आठ वर्षांपर्यंत आपोआप वेगळं होतं. शिवाय मराठी त्याला अंगणवाडी देईल, बाजार देईल, टीव्ही देईल. इंग्रजी शाळा फी घेऊन देईल. कोलामी मात्र तुम्ही दोघं आणि सासूबाई सोडून त्याला कुठेच मिळणार नाही.

करायचं काय? मोठी योजना नको. सासूबाईंना सांगा, तो “मराठीत सांग” म्हणाला तर गप्प बसायचं नाही, कोलामीतच पुन्हा सांगायचं, हवं तर बोट दाखवून. गोष्ट ऐकायची असेल तर ती कोलामीतच मिळेल, हा घरचा कायदा करा. गोष्टीसाठी पोरं काय वाट्टेल ते करतात. तो चुकीचं बोलला तर हसू नका. पाहुण्यांपुढे “बोलून दाखव बरं” असा खेळ तर कधीच करू नका. मोठ्यांचं हसू आणि मोठ्यांची पट्टी, पोराला दोन्ही सारखंच लागतं.

आणि मोजायला शिकवा. कोलामीचं मोजणं तुम्हाला साधं वाटत असेल, मला ते शिकायला वर्ष लागलं. दोन पुरुष आले तर इद्दर. दोन बाया आल्या तर ईरल. दोन बैल किंवा दोन मडकी असली तर इंदिंग. मराठीच्या एका ‘दोन’ची तिथे तीन घरं आहेत. अजूनही कुठल्या पोडावर गेलो तर मी पोरांना विचारतो, “त्या दोघी विहिरीवर चालल्यात, कोलामीत कसं सांगशील?” ‘ईरल’ आलं तर त्या घरात भाषा खेळती आहे असं समजतो. ‘दोन’ आलं तर आजी कुठे आहे, ते विचारतो.

शाळेबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असं राज्यघटनेचं कलम ३५०-क १९५६पासून सांगतं. २०२०चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही पाचवीपर्यंत मातृभाषा म्हणतं. सीमेपलीकडे, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात, २००४च्या सुमारास कोलामी, गोंडी, कोया अशा आठ भाषांत पहिलीची पुस्तकं शाळांत गेली होती. आपल्याकडे गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मोहगावला ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. ती विनापरवाना ठरवली गेली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. कलम आहे, धोरण आहे, शाळा काढणारं गावही आहे. मध्ये कुठेतरी फाईल अडते. तुमचा मुलगा फाईल निघेपर्यंत चारच वर्षांचा राहणार नाही, म्हणून म्हणतो, घरून सुरुवात करा.

प्रश्न : आमच्या गावात गोंडीच्या लिपीवरून वाद आहे. काही जण म्हणतात मसराम लिपी आपली, काही म्हणतात गुंजाला लिपी खरी आणि जुनी, आणि बहुतेक जण लिहितात देवनागरीत. एक लिपी ठरल्याशिवाय आठव्या अनुसूचीत जागा मिळणार नाही असं ऐकलं. आम्ही तरुणांनी कुठली शिकावी?
— एक विद्यार्थी, गडचिरोली जिल्हा

उत्तर : दोन्ही आपल्याच. मसराम लिपी बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवली. गुंजाला लिपीची हस्तलिखितं आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावात होतीच. हैदराबादच्या अभ्यासकांमुळे २००६च्या सुमारास ती बाहेरच्या जगाला कळली. संगणकाच्या युनिकोडमध्ये मसराम २०१७ला आणि गुंजाला २०१८ला दाखल झाली. म्हणजे यंत्राने दोघींना घरात घेतलंय. भांडण माणसांचं आहे.

लिपीवाचून अनुसूची नाही, हे मात्र खरं नाही. अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी मराठी, हिंदी, नेपाळी, बोडो, मैथिली, डोगरी देवनागरीवरच चालतात. २००३ मध्ये बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी आत गेल्या, त्यात आपली म्हणावी अशी लिपी घेऊन गेली ती संथाळी. अनुसूची हा राजकीय दबावाचा विषय आहे. गोंडी सहा राज्यांत वाटली गेली आणि एकाही राज्यात सत्तेची भाषा झाली नाही, तिचं खरं दुखणं हे.

दुसरं दुखणं उच्चाराचं. पुन्हा मिठाकडेच येतो. एका भागात गोंडीत मीठ म्हणजे सोवर, दुसरीकडे होवर, आणखी पुढे गेलं की नुसतं ओवर. सगळे बरोबर. पण शब्दकोशात कुठल्या अक्षराखाली लावायचं? २०१४ पासून वेगवेगळ्या राज्यांतले गोंड एकत्र बसून याच गुंत्यावर काम करत होते आणि २०१८ मध्ये सुमारे तीन हजार शब्दांचा सामाईक कोश निघाला. लिपीच्या सभेपेक्षा मला अशी सभा जास्त कामाची वाटते, कारण तिथे माणसं एकमेकांचं मीठ ऐकून घेतात.

देवनागरीला परकी म्हणणाऱ्यांना एक जुनी हकीकत. १९४०ला जोडेघाटात निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली आणि हायमेनडॉर्फ नावाचे मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबादेत आले. १९४३ मध्ये मारलवाई गावात त्यांनी गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करायला सुरुवात केली. पहिली पुस्तकं गोंडीत होती आणि लिपी देवनागरी, कारण तिथल्या गोंडांची बाजाराची भाषा मराठी. त्याच मुलखात हैदराबाद संस्थानच्या नोकरीत एक मराठी अधिकारी होता. त्याने गोंडी आणि कोलामी शिकून दोन्हींची व्याकरणं लिहिली. कोलामीचं १९५०ला छापून आलं. हा अधिकारी म्हणजे सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे इतिहासकार म्हणून त्यांना घरोघरी ओळखतात, पण हे काम फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५५ला भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांचा कोलामीवरचा ग्रंथ आला, त्यात एमेनो यांनी स्वतः वर्धा जिल्ह्यात टिपलेली कोलामी आहे आणि तिच्या शेजारी पगडींची आदिलाबादची. ‘सुप’ मला त्याच ग्रंथात पुन्हा भेटला, नागपूरच्या एका वाचनालयात. अभ्यासिकेत मोठ्याने हसलो म्हणून शेजारच्याने डोळे वटारले.

तेव्हा माझं मत विचाराल तर लग्नपत्रिकेवर, गोटुलाच्या पाटीवर, सभेच्या फलकावर जी लिपी गाव ठरवील ती अभिमानाने लिहा आणि शिका. पण व्हॉट्सॲपवर मित्राला ‘जेवलास का’ हे देवनागरीत का होईना, गोंडीत लिहा. आज रात्रीच.

प्रश्न : आमची दोन पिढ्यांपासून मुंबईत हॉटेलं आहेत. घरी तुळू. तुळूची नाटकं, सिनेमे, यक्षगान सगळं आहे, म्हणून मला कधी काळजी वाटली नाही. पण माझी मुलगी सगळं समजते आणि उत्तर हिंदी-मराठीत देते. तुळूलाही धोका आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अण्णा, तुळूकडे जे आहे ते पाहून कोलामीला हेवा वाटेल. उडुपीहून १९८८ ते १९९७ या काळात तुळूचा सहा खंडांचा कोश निघाला. कर्नाटकात तुळू साहित्य अकादमी आहे. काही शाळांत तुळू तिसरी भाषा म्हणून घेता येते. जुनी तुळू-तिगळारी लिपीसुद्धा २०२४ मध्ये युनिकोडमध्ये गेली. मंगळुरात तुळूला लगेच काही होत नाही.

डोंबिवलीत मात्र होतंय. तुम्ही “वनस आंडा?” विचारता आणि मुलगी “हो, झालं” म्हणते. त्या ‘हो’मध्ये तुम्हाला अजून भाषा जिवंत वाटते, कारण तिला कळलं. तिची मुलगी विचारेल, ‘वनस’ म्हणजे काय? जेवणाचं विचारताहेत हेही तिला कळणार नाही. ओरडून काही होत नाही. गावच्या आजीला रोज फोन लावून द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. तुम्ही समोर असलात की ती भाषांतराला तुमच्याकडे बघते. सुट्टीत महिनाभर एकटीला गावी पाठवा. हॉटेलवाल्याला महिनाभर हॉटेल सुटत नाही, हे ठाऊक आहे. पण मुलीला तर सुटतं ना.

प्रश्न : बलुचिस्तानात ब्राहुई ही द्राविडी भाषा आहे असं वाचलं. इतक्या दूर, चहूबाजूंनी इतर भाषा असताना ती टिकली कशी?
— इतिहासाचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ती तिथे मुळापासूनची की नंतर स्थलांतर करून गेलेली, यावर पंडितांचं अजून जमलेलं नाही, त्यात मी पडत नाही. पण मला तिचं मोजणं आवडतं. ब्राहुईत एक म्हणजे असित, दोन इरत, तीन मुसित. इथपर्यंत आपल्या घरचं. मुसितच्या शेजारी गोंडीचा मुंद ठेवून बघा. आणि चार? चार म्हणजे चार. तिथून पुढे सगळी उसनवारी, बलुची-फारसीकडून.

कोलामीत मराठी शब्द घुसले, गोंडी भ्रष्ट झाली, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी ही ब्राहुई सांगतो. चारपासून पुढचे आकडे देऊन टाकले, तरी कलात-क्वेट्ट्याकडे लाखो घरांत आई पोराला ब्राहुईतच रागावते. उसन्या शब्दाने भाषेचं पोट भरतं. मराठीने काय कमी घेतलंय? ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ परत करायचे ठरवले तर निम्म्या घरांत हाका मारायची पंचाईत होईल.

प्रश्न : भाषा जन्मतात आणि मरतात, हा निसर्गनियम आहे. लहान बोली मराठीत मिसळल्या तर मराठीच वाढेल. यात रडण्यासारखं काय आहे?
— निवृत्त अभियंता, ठाणे

उत्तर : काका, हेच वाक्य तुम्हाला कुणी मराठीबद्दल ऐकवलं तर तुम्ही या मासिकाला चार पानी पत्र लिहाल, आणि संपादक ते छापतीलही. मराठी शाळा ओस पडल्या, नातवंडांना ‘एकोणसत्तर’ कळत नाही, बँकेत हिंदी बोलतात, ही पत्रं मी दर महिन्याला वाचतो. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले, मीही खाल्ले. इंग्रजी आपल्याशी जे करते म्हणून आपण रडतो, तेच मराठी कोलामीशी करते. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. ठाण्यात बसलं की आपण सुपात आहोत हे विसरायला होतं.

आणि निसर्ग म्हणाल, तर माझ्या वर्गात निसर्ग नव्हता. पट्टी होती, ती माझ्या हातात होती.

निलगिरीवरचे तोडा जेमतेम दीड-दोन हजार. एमेनो यांनी १९३०च्या दशकात त्यांच्याकडे बसून गाणी उतरवून घेतली, त्याचा जाडजूड ग्रंथ १९७१ला निघाला. म्हशींवरची, माणसांवरची, मयतावरची गाणी. एवढ्याशा माणसांकडे एवढी गाणी! ती कशात मिसळून कोण वाढणार, ते तुम्हीच सांगा.

प्रश्न : गुर्जी, आमच्या बाईंनी वर्गात तुमची मिठाची गोष्ट सांगितली. मग कोलामीत खऱ्या सुपाला काय म्हणतात?
— सातवीतली एक विद्यार्थिनी, पांढरकवडा

उत्तर : बेटा, चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. पुस्तकात ‘केत’ असं सापडलं. पण पुस्तकावर माझा भरवसा थोडा कमी, म्हणून गेल्या रविवारी जुन्या पोडावर जाऊन आलो. ज्या पोराच्या हातावर मी पट्टी मारली होती, तो आता पन्नाशीचा आहे. अंगणात त्याची बायको तुरी पाखडत होती. मी सुपाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? ती म्हणाली, “केत.” मग हात न थांबवता नवऱ्याला कोलामीत काहीतरी बोलली आणि दोघं हसले. मी विचारलं, काय म्हणाली?

तो म्हणाला, “ते म्हणते, गुर्जींले आता तरी बरोबर आलं.”